दिवा लागतो, पण अर्थिंग शाबूत आहे का? उपकेंद्र, रोहित्र आणि आपले घर यांना जोडणाऱ्या जमिनीतल्या वाटेची माहिती

थोडक्यात

• आपल्या गल्लीतील रोहित्राचे अर्थिंग आणि दूरच्या उपकेंद्राचे अर्थिंग मिळून एकच काम करतात. बिघाड झाला की वीज तत्काळ बंद व्हावी, हे ते काम.
• अर्थिंग तुटले तरी घरातला दिवा लागतच राहतो. त्यामुळे ते तुटल्याचे कोणाला कळत नाही.
• मोफत विजेच्या योजनेत बिलाची सवलत मिळते. घरातील वायरिंग आणि अर्थिंग त्यात येत नाही.
• रोहित्राच्या अर्थिंगची जबाबदारी वीज कंपनीची आहे. त्याबद्दल तक्रार करण्यासाठी १९१२ या क्रमांकावर फोन करता येतो.

ही माहिती कोणासाठी?

कर्नाटकातील गृहज्योती योजनेचे लाभार्थी, कुटीर ज्योती व भाग्य ज्योती जोडणी असलेली कुटुंबे, तसेच सौभाग्य योजनेतून ज्यांच्या घरी पहिल्यांदा वीज आली अशी कुटुंबे, या सर्वांसाठी ही माहिती आहे. बेंगळुरूतील चामराजपेटसारख्या जुन्या वस्तीत भाड्याने राहणारे आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, बिदर या भागांत राहणारे मराठी भाषक या दोघांनाही ती उपयोगी पडेल. वीजपुरवठा करणारी कंपनी भागानुसार बदलते. बेंगळुरूत बेस्कॉम, बेळगाव जिल्ह्यात हेस्कॉम, बिदर जिल्ह्यात जेस्कॉम आणि महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत महावितरण. विजेचे नियम मात्र सगळीकडे सारखेच.

वीज आपल्यापर्यंत कशी येते?

बेंगळुरूत सर्वसाधारणपणे ६६ केव्हीच्या उपकेंद्रात विजेचा दाब ११ केव्हीवर, म्हणजे ११,००० व्होल्टवर उतरवला जातो. ही उपकेंद्रे कर्नाटक विद्युत प्रसारण निगमाकडे असतात. तेथून पुढे ११ केव्हीची वाहिनी, जिला आपण फीडर म्हणतो, ती बेस्कॉमकडे असते. ही वाहिनी गल्लीतील रोहित्रापर्यंत येते. रोहित्र म्हणजे ट्रान्सफॉर्मर. कर्नाटकात लोक त्याला ‘टीसी’ म्हणतात, महाराष्ट्रात ‘डीपी’. रोहित्रात ११,००० व्होल्टचे सुमारे ४०० व्होल्ट होतात, आणि एक फेज व न्यूट्रल मिळून आपल्या घरी साधारण २३० व्होल्ट पोहोचतात.

येथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. उपकेंद्राकडून येणाऱ्या ११ केव्हीच्या ओव्हरहेड वाहिनीत तीन तारा असतात आणि तिन्ही फेजच्या असतात. चौथी, न्यूट्रलची तार उपकेंद्राहून येत नाही. आपल्या घरी येणारे न्यूट्रल गल्लीतल्या रोहित्रातच तयार होते आणि तेथेच जमिनीत गाडलेल्या इलेक्ट्रोडला जोडलेले असते. उपकेंद्रातील न्यूट्रलही तसेच, पण त्याच्या स्वतःच्या जागी, जमिनीला जोडलेले असते.

म्हणजे दोन टोकांना दोन अर्थिंग आहेत आणि मध्ये काही किलोमीटरचे अंतर. त्यांना जोडणारी वेगळी तार नाही. जोडणारी आहे ती मधली जमीन.

ही जमीन काय काम करते?

वीज जेथून निघते तेथेच परत जाऊ पाहते. रोज सगळे सुरळीत असताना ११ केव्हीचा प्रवाह तीन तारांमध्येच फिरतो आणि जमिनीचा फारसा संबंध येत नाही. पण समजा, रोहित्राच्या आत ११ केव्हीची वेटोळी खराब झाली आणि वीज रोहित्राच्या लोखंडी अंगावर आली. आता या विजेला उपकेंद्राकडे परत जायचे आहे. ती रोहित्राच्या अंगावरून अर्थिंगच्या पट्टीत उतरते, तेथून खड्ड्यात, खड्ड्यातून जमिनीत, आणि जमिनीतून उपकेंद्राच्या अर्थिंगपर्यंत पोहोचते. वाट चांगली असेल तर मोठा प्रवाह वाहतो. उपकेंद्रातील संरक्षक रिलेला तो कळतो आणि फीडरचा ब्रेकर क्षणात बंद होतो. वाट खराब असेल तर प्रवाह लहान राहतो. रिलेला तो नेहमीच्या वापरासारखाच वाटतो आणि वीज चालूच राहते.

म्हणून रोहित्राजवळचा अर्थिंगचा खड्डा हा त्या रोहित्रापुरता नसतो. येथे काहीतरी बिघडले आहे, हे दूरच्या उपकेंद्राला त्या खड्ड्यामार्फतच कळते.

एक सोपा हिशोब

११ केव्हीच्या एका फेजचा जमिनीशी असलेला दाब सुमारे ६,३५० व्होल्ट असतो. उपकेंद्राच्या अर्थिंगचा रोध १ ओहम धरू. तारांचा रोध तूर्त बाजूला ठेवू.

चांगला खड्डा: रोहित्राच्या अर्थिंगचा रोध ५ ओहम असेल, तर दोन्ही मिळून ६ ओहम. प्रवाह होईल ६,३५० भागिले ६, म्हणजे हजार अँपिअरच्या वर. उपकेंद्रातील ब्रेकर लगेच बंद होईल.

खराब खड्डा: पट्टी गंजली, खड्डा कोरडा पडला आणि रोध २०० ओहम झाला, तर एकूण २०१ ओहम. प्रवाह फक्त ३२ अँपिअरच्या आसपास. एवढा प्रवाह तर फीडरवर एरवीही असतो. ब्रेकर बंद होईलच याची खात्री नाही. दरम्यान ३१.६ गुणिले २००, म्हणजे जवळजवळ पूर्ण दाब, सुमारे ६,३०० व्होल्ट, त्या रोहित्राच्या अंगावर आणि पायथ्याच्या जमिनीवर राहतील.

चांगला खड्डा असला तरी बिघाडाच्या त्या क्षणी पायथ्याशी मोठा दाब येतोच, हेही या हिशोबातून दिसते. फरक वेळेचा आहे. एका बाबतीत तो दाब सेकंदाच्या काही भागापुरता असतो, दुसऱ्यात कोणीतरी फोन करीपर्यंत. म्हणून अर्थिंग चांगले असले तरी रोहित्राला, त्याच्या कुंपणाला किंवा खांबाच्या ताणतारेला हात लावू नये, गुरे बांधू नयेत आणि कपडे वाळत घालू नयेत.

शहरातील केबल आणि गावातील तार

बेंगळुरू शहरात गेल्या काही वर्षांत ११ केव्हीच्या ओव्हरहेड तारा काढून भूमिगत केबल टाकण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले आहे. केबलला बाहेरून धातूचे कवच असते आणि ते दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडतात. त्यामुळे उपकेंद्राचे अर्थिंग आणि रोहित्राचे अर्थिंग यांच्यात धातूची सलग वाट तयार होते. बिघाडाचा बराचसा प्रवाह मातीऐवजी या कवचातून परत जातो आणि ब्रेकर अधिक खात्रीने बंद होतो.

या सोयीबरोबर दोन गोष्टी येतात. पहिली, रस्त्याच्या खोदकामात केबलचे कवच तुटले किंवा रोहित्राजवळची अर्थिंगची पट्टी चोरीला गेली, तर जोड संपतो, पण कोणाच्या घरातला दिवा विझत नाही. दुसरी, उपकेंद्राच्या आवारात बिघाड होऊन तेथील जमिनीचा दाब वाढला, तर तो कवचावरून रोहित्रापर्यंत येऊ शकतो. तो पुढे घरांच्या न्यूट्रलमध्ये जाऊ नये म्हणून न्यूट्रलसाठी स्वतंत्र इलेक्ट्रोड ठेवतात. नियमाप्रमाणे न्यूट्रल किमान दोन वेगवेगळ्या इलेक्ट्रोडना, दोन वेगळ्या जोडण्यांनी जोडलेले असावे लागते. साधारणपणे रोहित्राचे लोखंडी अंग, न्यूट्रल आणि वीज पडण्यापासून रक्षण करणारे लाइटनिंग अरेस्टर यांच्या पट्ट्या वेगवेगळ्या खाली उतरलेल्या दिसतात.

गावाकडे परिस्थिती वेगळी आहे. तेथे ओव्हरहेड तार असते, उपकेंद्र दूर असते आणि परतीची वाट केवळ माती. मातीचा स्वभाव जागोजागी निराळा. खानापूरच्या बाजूच्या जांभ्या जमिनीत पाणी टिकत नाही. निपाणीकडची काळी जमीन ओली असताना उत्तम, पण उन्हाळ्यात भेगाळते आणि इलेक्ट्रोडपासून सुटते. बेंगळुरूत लाल मातीखाली बऱ्याच ठिकाणी खडक लागतो. याच कारणाने अर्थिंगचा रोध कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी मोजण्याची पद्धत आहे. पावसाळ्यात मोजून ‘ठीक आहे’ म्हटलेला खड्डा वैशाखात ठीक असेलच असे नाही.

महाराष्ट्रात २०१८ पासून कृषिपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणाली राबवण्यात आली. तीत ११ केव्हीची वाहिनी पंपाच्या जवळ नेऊन एक-दोन शेतकऱ्यांसाठी लहान रोहित्र बसवतात. दाब चांगला मिळतो आणि गळती कमी होते. मात्र रोहित्रांची संख्या वाढली म्हणजे सांभाळायच्या खड्ड्यांची संख्याही वाढली. आपल्या बांधावरच्या रोहित्राची पट्टी शाबूत दिसते ना, इकडे म्हणूनच लक्ष असू द्यावे.

घरातील बिघाड: ही वाट वेगळी

घरातील गीझर, मिक्सर किंवा मोटारीच्या अंगावर वीज उतरली तर ती उपकेंद्राकडे जात नाही. तिचे उगमस्थान गल्लीतील रोहित्र आहे, म्हणून ती तेथे परत जाऊ पाहते.

समजा, घराच्या अर्थिंगचा रोध १० ओहम आणि रोहित्राच्या न्यूट्रलच्या अर्थिंगचा ५ ओहम आहे. २३० भागिले १५, म्हणजे साधारण १५ अँपिअर प्रवाह वाहील. घरातील १६ किंवा ३२ अँपिअरचा एमसीबी एवढ्याने पडणार नाही. आणि गीझरच्या अंगावर दीडशे व्होल्ट राहतील. याचा अर्थ, केवळ खड्डा खणून आणि एमसीबी बसवून घर सुरक्षित होत नाही. सोबत आरसीसीबी हवा. घरासाठीचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी वीज वाट चुकून जमिनीकडे जाऊ लागली की पुरवठा तोडतो.

चामराजपेट १८९२ मध्ये वसवण्यात आले. बेंगळुरूत विजेचे दिवे लागले ५ ऑगस्ट १९०५ रोजी. पेठेतील सर्वांत जुनी घरे विजेच्या आधीची आहेत आणि त्यांत वायरिंग मागाहून, टप्प्याटप्प्याने झालेले असते. अशा घरांत दोन तारांचे वायरिंग आणि दोन भोकांची सॉकेटे अजून आढळतात. एकाच अंगणाभोवतीच्या वठारात एका खोलीतून दुसरीकडे ओढलेली वायरही आढळते. तीन पिनांचा सॉकेट बसवला, पण तिसऱ्या भोकामागे तार जोडलेलीच नाही, असेही होते. त्यामुळे सॉकेट पाहून अर्थिंग आहे असे मानू नये. परवानाधारक वायरमनकडून ते तपासून घ्यावे.

पूर्वी नळाच्या लोखंडी पाइपला अर्थिंगची तार बांधण्याची सवय होती. आता बहुतेक ठिकाणी मधला पाइप प्लास्टिकचा असतो. अशा नळाला बांधलेली तार जमिनीपर्यंत पोहोचत नाही. घरात बिघाड झाला तर उलट नळावरच वीज येते.

कोणत्या योजनेत काय मिळते?

गृहज्योती योजना (कर्नाटक): घरगुती ग्राहकांना आधीच्या सरासरी वापरावर ठरवलेल्या मर्यादेपर्यंत, महिन्याला जास्तीत जास्त २०० युनिट वीज मोफत. भाडेकरूही पात्र. घरातील वायरिंग, अर्थिंग व आरसीसीबी यांचा खर्च या योजनेत येत नाही.

सौभाग्य योजना (केंद्र): सप्टेंबर २०१७ मध्ये जाहीर झाली. तीत सर्व्हिस केबल, मीटर, एका दिव्यापुरते वायरिंग आणि एलईडी दिवा मिळत असे. एका दिव्यासाठी केलेल्या त्या वायरिंगवर पुढे पंखा, फ्रीज, इस्त्री जोडली असेल, तर वायरिंग आणि अर्थिंग पुन्हा तपासून घेणे आवश्यक आहे.

पीएम सूर्यघर मोफत वीज योजना (केंद्र): फेब्रुवारी २०२४ पासून. घराच्या छतावरील सौर संचासाठी अनुदान, १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ किलोवॉटला ६०,००० रुपये, ३ किलोवॉट व त्यावर ७८,००० रुपये. सौर पॅनेलची चौकट आणि इन्व्हर्टर यांचे अर्थिंग हा संच बसवण्याच्या कामाचाच भाग आहे. काम पूर्ण झाल्याची सही करण्यापूर्वी ते दाखवून घ्यावे.

जबाबदारी कोणाची?

उपकेंद्र, फीडर, रोहित्र आणि मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर ही वीज कंपन्यांची. मीटरनंतरचे वायरिंग, घराचे अर्थिंग आणि आरसीसीबी हे घरमालकाचे. भाडेकरूंनी मालकाला लेखी कळवावे आणि त्याची प्रत किंवा मोबाइलवरचा संदेश जपून ठेवावा.

आपण काय पाहू शकतो?

लांबूनच, हात न लावता, पुढील गोष्टी पाहता येतात:

१. रोहित्रावरून खाली येणाऱ्या लोखंडी किंवा तांब्याच्या पट्ट्या जमिनीपर्यंत पोहोचतात का? मध्येच तुटलेल्या, कापलेल्या किंवा गंजून गळलेल्या आहेत का?
२. अर्थिंगच्या खड्ड्यावर कचरा, राडारोडा किंवा काँक्रीट टाकले आहे का? शेजारी नवे खोदकाम झाले आहे का?
३. खांब, ताणतार, हातपंप किंवा नळ यांना स्पर्श होताच मुंग्या आल्यासारखे होते का? एकाला जरी तसे जाणवले, तरी खात्री करण्यासाठी पुन्हा हात लावून पाहू नये.
४. रोहित्राजवळ गुरे किंवा कुत्री दगावली आहेत का? जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असते. म्हणून जमिनीत पसरलेल्या विजेचा फटका त्याला माणसाच्या आधी बसतो.
५. घरातील काही दिवे अचानक फार प्रखर आणि काही मंद झाले आहेत का? न्यूट्रल तुटल्याची ही खूण असू शकते. अशा वेळी मेन स्विच बंद करावा, कारण दाब २३० वरून ४०० व्होल्टच्या दिशेने चढू शकतो.

काय करू नये?

• न्यूट्रल नसताना फेज आणि जमीन यांवर दिवा किंवा मोटार चालवू नये. शेतात एखादा फेज गेला की असा उपाय केला जातो. त्याने आपला दिवा लागतो, पण भोवतालची ओली जमीन जिवंत होते आणि बांधावरून चालणारा दुसराच कोणी दगावतो.
• रोहित्राच्या खड्ड्यात स्वतः मीठ किंवा पाणी टाकायला, पट्टी बांधायला जाऊ नये. हे काम लाइनमनचे आहे.
• आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून तो काढून टाकू नये. तो पडतो याचा अर्थ वीज कोठेतरी झिरपत आहे.

तार तुटून पडली असेल तर

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी बेंगळुरूत कडुगोडी भागात, होप फार्मजवळ, पदपथावर पडलेल्या ११ केव्हीच्या तारेचा स्पर्श होऊन एक आई आणि तिची नऊ महिन्यांची मुलगी मृत्युमुखी पडल्या. कोरड्या जमिनीवर, काँक्रीटवर किंवा डांबरावर पडलेल्या तारेतून जमिनीत फार कमी प्रवाह जातो. वर दिलेल्या हिशोबातील खराब खड्ड्यासारखीच ही स्थिती आहे. उपकेंद्राला ते कळेलच असे नाही. म्हणून तार शांत पडली आहे, ठिणगी नाही, आवाज नाही, तरी ती जिवंत आहे असेच धरून चालावे.

• किमान १० मीटर दूर राहावे. इतरांनाही, विशेषतः मुलांना, थांबवावे.
• आपण तारेच्या जवळच उभे असू तर मोठी पावले टाकू नयेत. दोन्ही पाय जवळ ठेवून, घसटत, अगदी लहान पावलांनी दूर जावे.
• काठीने तार बाजूला करू नये. ११ केव्हीपुढे लाकडी काठीही सुरक्षित नाही.
• लगेच १९१२ वर फोन करावा. कोणी जखमी असल्यास ११२ वर.
• वीज बंद केल्याचे कर्मचारी स्वतः येऊन सांगेपर्यंत जवळ जाऊ नये.

तक्रार कशी करावी?

१९१२ वर फोन करताना जवळ ठेवावे: बिलावरील ग्राहक क्रमांक, म्हणजे बेस्कॉम व हेस्कॉमसाठी अकाउंट आयडी किंवा आरआर नंबर, रोहित्रावर रंगवलेला क्रमांक, आणि जवळची खूण. तक्रार क्रमांक अवश्य लिहून घ्यावा. लेखी तक्रार उपविभागीय कार्यालयात देऊन पोच घ्यावी. मजकूर असा असू शकतो:

“आमच्या रस्त्यावरील रोहित्राची अर्थिंगची पट्टी जमिनीपासून तुटलेली आहे. कृपया ती जोडावी, अर्थिंगचा रोध मोजावा आणि मोजलेला आकडा व तारीख आम्हाला कळवावी.”

यातील शेवटची मागणी महत्त्वाची आहे. ‘दुरुस्त केले’ या उत्तरावरून काही कळत नाही. किती ओहम, हे कळले की पुढच्या उन्हाळ्यात तुलना करता येते.

दखल घेतली गेली नाही, तर वीज कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि त्यानंतर विद्युत लोकपालाकडे जाता येते. वीज अधिनियम, २००३ मधील कलम ४२ मध्ये ही तरतूद आहे. विजेमुळे माणूस किंवा जनावर दगावल्यास कलम १६१ नुसार अपघाताची सूचना देणे आणि विद्युत निरीक्षकामार्फत चौकशी होणे, अशी तरतूद आहे. पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल जपून ठेवावा. भरपाईसाठी त्यांची गरज लागते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझे बिल शून्य येते. मला तक्रारीचा अधिकार आहे का?
होय. बिल शून्य आले तरी आपण वीज कंपनीचे ग्राहकच आहात. सवलतीची रक्कम शासन भरते. सुरक्षित पुरवठ्याचा अधिकार त्याने कमी होत नाही, आणि तक्रार केल्यामुळे लाभ बंद होत नाही.

रोहित्राचे अर्थिंग चांगले असेल तर घरात वेगळे कशाला?
रोहित्राचे अर्थिंग म्हणजे परतीच्या वाटेचे दूरचे टोक. घरातील यंत्राच्या लोखंडी अंगावर उतरलेल्या विजेला त्या वाटेवर सोडण्यासाठी घरात तिसरी तार आणि अर्थिंग लागतेच.

खर्च एकदम झेपत नाही. आधी काय करावे?
आधी आरसीसीबी, त्यानंतर ज्या यंत्रांना पाणी लागते त्यांचे, म्हणजे गीझर, पंप व वॉशिंग मशीन यांचे तीन तारांचे वायरिंग. अर्थिंगचा खड्डा वठारातील सर्व घरांनी मिळून करून घेतला तर प्रत्येकाचा वाटा कमी होतो. आरसीसीबीवरील ‘टी’ अक्षराचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. दाबल्यावर पुरवठा बंद झाला पाहिजे. बंद न झाल्यास तो बदलावा.

तपासणी कधी करून घ्यावी?
मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत, पहिल्या पावसाच्या आधी. खड्डा सर्वांत कमजोर असतो तो याच दिवसांत, आणि दुरुस्तीला वेळही याच दिवसांत मिळतो.